दोन चंडोल

भोर-वेल्ह्याचा मुलूख इतिहासाच्या वाचकांस राजगड-तोरण्यामुळें परिचित आहे. चंडोलांच्या दोन जातींचा इतिहासही या मुलुखाशीं निगडित आहे. त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

पश्चिमेस घाटमाथा, तेथें पावसाळ्यांत पावसाला खळ नसतो. पूर्वेस पुरंदराकडे जावें तों पाऊस उणावत जातो व कोरडे माळ लागतात. मलबारी चंडोल बहुतांशीं पहिल्या भागांतला, साइक्सचा चंडोल दुसऱ्या भागांतला. दोघांच्याही डोक्यावर शेंडी, दोघांचेंही घरटें जमिनीवर. मलबारी किंचित् मोठा, छातीवर ठळक काळपट रेघा असलेला. साइक्सचा लहान, तांबूस, बारीक रेघांचा आणि इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करण्यांत मोठा पटाईत. मधल्या पट्ट्यांत मात्र पाहणाऱ्यानें घाईनें निर्णय देऊं नये.

मौज आहे ती नांवांची. मलबारीचें नामकरण १७८६ सालीं पाव्हिया येथील प्राध्यापक स्कोपोली यानें केलें. हा गृहस्थ हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं! सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या १७८२ मधील ग्रंथांत मलबार किनाऱ्यावरचा म्हणून त्या पक्ष्याचें वर्णन आलें होतें. तेवढ्यावरून आमचा सह्याद्रीवासी कायमचा मलबारी ठरला.

विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट निराळी. १८२४ पासून मुंबई सरकारच्या आज्ञेनें तो दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. जमीन, पिकें, लोकसंख्या यांची माहिती गोळा करणें हें त्याचें काम. तें करतां करतां त्यानें पक्षीही टिपले, आणि १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेच्या वृत्तांतांत त्यांची यादी प्रसिद्ध केली. तींत या लहान चंडोलास त्यानें 'देवा' ही मराठी कानांस परकी न वाटणारी संज्ञा दिली. घोड्यावरून मुलूख पायाखालीं घालणाऱ्या मनुष्याचें शास्त्र मला ग्रंथावरून केलेल्या नामकरणापेक्षां अधिक भावतें.

परंतु साइक्सच्या चंडोलाचा माळ लोकांच्या लेखीं पडीक. पडीक म्हणजे ओसाड. तेव्हां तेथें झाडें लावा, नाहीं तर घरांसाठीं भूखंड पाडा! वृक्षारोपण हें पुण्यकर्म खरें. पण या पक्ष्याला सावली नकोच आहे. त्यास हवा उघडा माळ, आंखूड गवत आणि ढेंकळाआड दोन-तीन अंडीं मावतील एवढा खळगा. साइक्सच्या यादींत या रहिवाशाची नोंद होऊन दोन शतकें होत आलीं. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र त्याच्या कित्येक जमिनींपुढें 'पोटखराबा' एवढेंच लिहिलेलें आढळतें.