नेणारा कोण, ठिकाण कोणते?

धर्मसंस्था सोडून बाहेर पडलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. मुळात गेलात कशाला, आणि गेलात तर सोडलीत का? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, तो त्या माणसाच्याच मनात राहतो. ‘देवाने नेले’ असे म्हणून मी तेथे गेलो, तर त्याने खरोखरच नेले होते का? नेले असेल, तर बाहेर पडणे हा त्याचा द्रोह ठरतो. नेले नसेल, तर तेव्हा जी हाक ऐकू आली ती कोणाची होती?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मांतरांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक लेखन पहिल्या प्रश्नाभोवती फिरते. मिशनऱ्यांनी भुलवले, असे एक पक्ष म्हणतो. प्रभूने बोलावले, असे दुसरा. धर्मांतर झाले की दोन्ही पक्षांची गोष्ट संपते. प्रत्यक्षात त्या माणसाचे आयुष्य पुढे कित्येक वर्षे चालू असते आणि तिसरा प्रश्न त्या वर्षांतच उभा राहतो. म्हणून मी येथे पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातील त्या नंतरच्या वर्षांकडे पाहणार आहे. दोघांनीही ख्रिस्ताला सोडले नाही. ज्या संस्थेच्या दारातून ते आत गेले, तिच्या छत्राखाली मात्र दोघेही राहिले नाहीत.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. दोन-अडीच वर्षांच्या मनोरमेलाही त्याच वेळी बाप्तिस्मा देण्यात आला. तेथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयाला त्या उतरल्या होत्या आणि सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. या काळातली त्यांची, सिस्टर जेराल्डिन यांची आणि प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. रमाबाईंना समजून घ्यायचे असेल तर या पत्रांना पर्याय नाही, असे माझे मत आहे.

पत्रांतले वाद वरवर पाहता किरकोळ वाटतात. अंडे घातलेले गोड पदार्थ रमाबाई खात नाहीत, हा भगिनींना जुन्या धर्माचा अहंकार वाटतो. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे रमाबाई विचारतात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशप मंडळी सुचवतात, तेव्हा तो अधिकार या मंडळींना कोणी दिला, हा त्यांचा सवाल असतो. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या शंका काढतात. छोट्या मनोला काय शिकवावे आणि काय शिकवू नये, यावरूनही खटके उडतात. या सगळ्यामागचा मुद्दा त्यांनी मे १८८५ मधल्या एका पत्रात स्पष्टच मांडला आहे. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता पाद्री सांगतील ती परमेश्वराचीच आज्ञा, असे मानून तसलेच दुसरे जोखड घ्यायची आपली तयारी नाही, असा त्या पत्राचा आशय आहे.

बाप्तिस्मा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. तरीही ‘येथे आले हे चुकले’ असा सूर त्या पत्रव्यवहारात लागत नाही. आपण अमुक एका पंथाच्या नाही, ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीच्या आहोत, ही भूमिका त्या घेतात. देवाचा आवाज आपल्या सदसद्विवेकातून ऐकू येतो आणि तो बिशपकडून तपासून घ्यावा लागत नाही, हा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या लेखी नेणारा खरा होता. त्याने नेऊन सोडले ते घर मात्र माणसांनी बांधलेले होते, आणि त्याच्या भिंती कुठे वाकड्या आहेत हे सांगायची त्यांना भीती वाटत नव्हती. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियात होत्या. वाँटेजचे छत्र तेव्हाच मागे पडले होते. १८८९ साली शारदासदन सुरू झाले तेव्हा त्यामागचा पैसा अमेरिकेतला होता आणि त्यामागे कोणतेही एक चर्च नव्हते.

याच रमाबाईंनी १९०७ साली आपली ‘साक्ष’ लिहिली. साक्ष हा ख्रिस्ती लेखनाचा एक ठरलेला प्रकार आहे. आपल्या आयुष्यात देवाने काय केले, हे त्यात इतरांना सांगायचे असते. त्यामुळे आधीचे सारे आयुष्य त्यात तयारीसारखे दिसू लागते. आईवडिलांबरोबरची तीर्थाटने, दुष्काळ, कलकत्त्यातले पंडितांचे कौतुक, पती बिपिनबिहारींच्या सिलचरच्या घरी हाती लागलेले लूककृत शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक, लंडनच्या फुलॅममधले पतित स्त्रियांचे आश्रयस्थान, शोमरोनी स्त्रीची गोष्ट. प्रत्येक मुक्काम पुढच्या मुक्कामाकडे बोट दाखवतो.

या साक्षीत एक वाक्य मात्र ठरलेल्या वाटेवरून जात नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे रमाबाई म्हणतात. आणि याचा दोष कोणाकडेही जात नाही, ख्रिस्त आपल्याला आरंभापासून सांगितला गेलाच असणार, आपलीच बुद्धी मंद होती, असे पुढे जोडतात.

१८८५ ची पत्रे आणि १९०७ ची साक्ष शेजारीशेजारी ठेवून वाचली की ही क्षमा केवढी मोठी आहे ते कळते. पत्रांत ज्यांच्याशी शब्दाला शब्द लावून वाद घातला, त्यांच्यावर बावीस वर्षांनंतर एकही आरोप उरलेला नाही. काही अभ्यासक यात रमाबाईंची शरणागती पाहतात. पूर्वीची लढाऊ बाई पुढे भाविकतेत विरघळली, असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. दोष स्वतःकडे घेतला, तरी मुख्य विधान त्यांनी मागे घेतलेले नाही. धर्म मिळाला आणि ख्रिस्त मिळाला नाही, असे सांगणारी बाई चर्चला उद्देशून केवढी गोष्ट बोलून जाते! बाप्तिस्मा, प्रार्थनापुस्तक, भगिनींचा आश्रम, बिशपांची पत्रे एवढे सगळे असूनही तिथे मुख्य गोष्ट हाती लागली नव्हती. १८८५ साली जो भेद त्यांनी हक्काच्या भाषेत मांडला, तोच १९०७ साली नम्रतेच्या भाषेत मांडला.

टिळकांनी हाच भेद मोडून दाखवला नाही, तर जगून दाखवला. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची बावीस वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनचे होते. नगरला शिकवले, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतली, ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला, मराठी चर्चला गाता येतील अशी पदे आणि भजने दिली. आणि १९१७ साली, पंचावन्न वर्षांच्या वयात, त्यांनी मिशनच्या कामाचा राजीनामा दिला. पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ उघडला.

या दरबाराची रचना पाहण्यासारखी आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात येऊ शकत होते. मिशनच्या हिशेबात बाप्तिस्मा हा उंबरठा होता. अलीकडचा बाहेरचा, पलीकडचा आपला. टिळकांनी तो उंबरठाच काढून टाकला. स्वतः ते ज्या दारातून आत आले होते, ते दार इतरांना लावून ठेवायची त्यांना गरज वाटली नाही.

मग १८९५ चा बाप्तिस्मा त्यांच्या दृष्टीने व्यर्थ होता का? तसे मानायला काहीच आधार नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. ज्याने आपल्या मागच्या पुलाचे ऋण मानले, तो मिशनचेही ऋण त्याच भावनेने मानील. वारकरी वळण अंगी मुरलेल्या माणसाला हे समजायला सोपे जाते. वारीत विठोबा पंढरपुरात वाट पाहत बसलेला असतो आणि दिंडीबरोबर चालतही असतो. एक मुक्काम उठवला म्हणून देव मागे राहिला, असे तिथे कोणी म्हणत नाही. मिशन हा टिळकांचा मुक्काम होता. बावीस वर्षांचा मुक्काम लहान नव्हे, पण तो मुक्कामच. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. तो टिकला असता तर त्याचाही एक उंबरठा झाला असता का, हा प्रश्न मनात येतोच.

टिळकांच्याच वर्षी, १८६१ मध्ये, बंगालमध्ये जन्मलेल्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे उदाहरण या दोघांशेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. केशवचंद्र सेनांच्या प्रभावळीतला हा तरुण १८९१ साली आधी अँग्लिकन पद्धतीने आणि त्याच वर्षी पुढे कॅथलिक पंथात ख्रिस्ती झाला. भगवी वस्त्रे घालून स्वतःला हिंदू कॅथलिक म्हणवू लागला. चर्चच्या अधिकाऱ्यांशी बिनसले. पुढे ‘संध्या’ पत्रातल्या लेखनावरून राजद्रोहाचा खटला झाला. त्याआधी १९०७ सालीच त्यांनी प्रायश्चित्त घेतले होते आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खटला चालू असताना ते वारले. अंत्यसंस्कार हिंदू पद्धतीने झाले. ते ख्रिस्ती म्हणून गेले की हिंदू म्हणून, हा वाद तेव्हापासून चालू आहे. रमाबाईंनी ज्या वर्षी आपली साक्ष लिहिली, त्याच वर्षी उपाध्याय अशी साक्ष न ठेवता गेले, आणि त्यांच्या वतीने साक्ष द्यायला दोन्ही बाजूंचे लोक पुढे सरसावले. स्वतःचे उत्तर स्वतः लिहून ठेवण्याचे मोल यावरून ध्यानात यावे.

येथवरची मांडणी नेलेल्यांच्या बाजूने झाली. ‘देवाने मला नेले’ असे एक माणूस म्हणतो तेव्हा त्याच्याबरोबर इतरही ओढले जातात, किंवा मागे टाकले जातात. त्यांचा हिशेब मांडल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची सोबतीण इंग्लंडला गेली होती. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याआधीच तिने वाँटेजला आत्महत्या केली. धर्मांतराच्या भीतीने तिच्या मनाचा तोल गेला होता, असे मॅक्समुल्लर यांनी लिहून ठेवले आहे. तिला तेथे कोणी नेले होते? ईश्वरी योजनेचे कोणतेही सूत्र या मृत्यूला आपल्यात सामावून घेऊ शकत नाही, आणि घेऊ नये.

लक्ष्मीबाई टिळकांना कसलीही हाक आली नव्हती. नवरा ख्रिस्ती झाला आणि एका दिवसात त्यांचे घर उठले. पुढची काही वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे आणि पंढरपूरला राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधी त्यांच्यात एक मोठी घडामोड झाली होती. जातिभेद माणसांनी केला आहे, असे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सगळा प्रवास त्या ज्या मोकळ्या, हसऱ्या सुरात सांगतात, त्यात ईश्वरी संकेतांची दाटी नाही. भांडणे आहेत, रुसवे आहेत, उपासमार आहे, आणि हळूहळू बदलत गेलेले एक मन आहे. टिळकांना देवाने नेले असेल. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी गेल्या. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांत त्यांचे पुस्तक सर्वांत जास्त वाचले गेले, याचे एक कारण मला हेच वाटते.

आणि मनोरमा. तिला बाप्तिस्म्याच्या वेळी कोणी विचारले नव्हते. विचारण्याजोगे तिचे वयही नव्हते. वाँटेज, अमेरिका, पुन्हा वाँटेज असे तिचे बालपण गेले. मोठेपणी ती आईच्या कामात उतरली आणि १९२१ साली मरेपर्यंत त्यातच राहिली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. आईची साक्ष छापील स्वरूपात आहे. मुलीची साक्ष तिने केलेल्या कामात शोधावी लागते.

रमाबाई आणि टिळक यांनी त्या तिसऱ्या प्रश्नाचे दोन भाग केले. नेले कोणी, याचे उत्तर त्यांनी अखेरपर्यंत बदलले नाही. कोठे नेले, याचे उत्तर मात्र ते आयुष्यभर दुरुस्त करत राहिले. संस्थेशी भांडताना त्यांची श्रद्धा शाबूत राहिली, याचे रहस्य मला या विभागणीत दिसते. आजही एखादा पंथ, आश्रम, सत्संग किंवा पक्ष सोडणाऱ्याला आपण पूर्वायुष्य खोटे म्हणायला लावतो. तसे त्याने म्हटले नाही, तर त्याचे सोडणे खरे मानत नाही. या दोघांनी सोडले, आणि मागचे खोटे म्हटले नाही. अशा माणसांसाठी आपल्या सार्वजनिक बोलण्यात जागा उरली आहे का, हे एकदा तपासायला हवे.