त्याच मापाची नळी

जुन्या नेमबाजी पिस्तुलाला नव्या पिस्तुलाची नळी बसेल का? प्रश्न वरवर पाहता बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा वाटतो. पण एकाच जातीच्या पिस्तुलांबाबत त्याचे उत्तर कधी 'हो' तर कधी 'नाही' असे का येते, हे शोधू लागले की अठराव्या शतकातील फ्रान्सपर्यंत मागे जावे लागते. या लेखात मी तोच माग काढला आहे.

त्या काळी बंदूक 'जुळवली' जाई. कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी बसवी. त्यामुळे एका बंदुकीचा चाप दुसरीला बसेलच, याची खात्री नसे. रणांगणात चापयंत्राचा एक तुकडा मोडला, तर कारागीर भेटेपर्यंत बंदूक निकामी होई. ओनोरे ब्लाँ या फ्रेंच तज्ज्ञाने यावर उपाय शोधला. अमेरिकेचे फ्रान्समधील वकील टॉमस जेफरसन यांनी १७८५ मध्ये त्याची कार्यशाळा पाहिली. तेथे पन्नास चापयंत्रांचे सुटे भाग कप्प्यांत मांडलेले होते. जेफरसन यांनी हाती येईल तो भाग उचलून काही यंत्रे स्वतः जोडली आणि ती बिनचूक बसली. हे त्यांनी मायदेशी पत्राने कळवले. फ्रान्समध्ये मात्र ब्लाँच्या पद्धतीला कारागिरांचाच विरोध झाला. तो विरोध मला अडाणीपणाचा वाटत नाही. कोणताही भाग कुठेही बसू लागला, की तो बसवून देणाऱ्या हाताची किंमत उतरते, हे त्यांना कळत होते.

अमेरिकेत ही कल्पना रुजवण्याचे श्रेय पाठ्यपुस्तके बहुधा एली व्हिटनीला देतात. त्याने १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचे सरकारी कंत्राट घेतले आणि १८०१ मध्ये वॉशिंग्टनला बड्या मंडळींसमोर सुटे भाग जोडून दाखवले. पुढे १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने या आख्यायिकेची छाननी केली. व्हिटनीच्या उरलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकींना बसत नाहीत असे दिसले. दोन वर्षांत द्यायचा माल पुरा व्हायलाही १८०९ साल उजाडले होते. प्रात्यक्षिक गाजले, पण कारखान्यात ते उतरले नव्हते.

माझ्या मते खरी कहाणी कनेक्टिकटच्या सिमियन नॉर्थपासून सुरू होते, आणि तीही पिस्तुलांपासून. १८१३ मध्ये त्याने वीस हजार पिस्तुलांचे कंत्राट केले. किंमत नगाला सात डॉलर. त्यातली अट अशी, की एका पिस्तुलाचा कोणताही भाग त्या वीस हजारांपैकी कोणत्याही दुसऱ्या पिस्तुलाला बसला पाहिजे. म्हणजे हे वचन त्या वीस हजारांपुरतेच होते. १८३४ मध्ये ते कारखान्याच्या भिंती ओलांडून बाहेर आले. जॉन हॉलच्या रायफलींचे नॉर्थने बनवलेले भाग हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारातील भागांच्या जागी बसू लागले.

हे साधले मापांच्या साच्यांनी, म्हणजे गेजनी. कामगाराने भाग गेजला लावून पाहायचा आणि तपासनिसाने पुन्हा. वापरून गेजही झिजते, म्हणून ते पडताळायला मूळ गेज निराळे जपायचे. भाग बदलता येण्याचा गुण पोलादात नसतो. माप सांभाळण्याच्या शिस्तीतून तो येतो.

तुकडीचे आणि कारखान्याचे अंतर असे पार झाले. तिसरे अंतर उरले ते काळाचे, आणि नेमबाजीची पिस्तुले तेथेच परीक्षेला बसतात. स्मिथ अँड वेसनचे 'मॉडेल ४१' १९५७ मध्ये बाजारात आले. चापाभोवतीची कडी खाली ओढली की त्याची नळी सुटी होते. मागची माशी नळीच्याच मागे आलेल्या भागावर असल्याने नळीबरोबर नेमाची जुळणीही टिकते. वेगवेगळ्या दशकांतील नळ्या या पिस्तुलावर सहसा एकमेकींच्या जागी बसतात. हाय स्टँडर्ड कंपनीने मात्र नळी धरून ठेवण्याची पद्धतच बदलत नेली. आधी तरफ, १९५० च्या दशकात बटण आणि पुढे षटकोनी खाचेचा स्क्रू. प्रत्येक बदल त्या-त्या वेळी सुधारणाच असेल, पण त्यामुळे नंतरची नळी आधीच्या सांगाड्यावर सरळ बसेनाशी झाली. १९८४ मध्ये कंपनी बंद पडली आणि जुन्या पिस्तुलांचे मालक जुन्या नळ्या धुंडाळत राहिले.

नळी जागेवर बसली म्हणजे काम झाले, असेही नाही. पॉइंट टू-टू काडतुसाची कड जेमतेम एक मिलिमीटरभर जाड असते आणि नळी व मागचा दट्ट्या यांमधली जागा तिच्याच हिशेबाने राखावी लागते. ती वाढली तर काडतूस पेटत नाही किंवा कड फुटून तप्त वायू मागे येतो. आणि येथे इजा होते ती नेमबाजाच्या हाताला, डोळ्याला.

कायद्यालाही सुट्या भागांचा विचार करावा लागला. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने सांगाड्यालाच बंदूक मानले. म्हणून 'मॉडेल ४१' ची नळी तेथे नुसता सुटा भाग ठरते. १९४९ च्या रूगर पिस्तुलात क्रमांक असतो तो नळी जिच्यात आटे देऊन बसवलेली असते त्या वरच्या नळकांड्यावर. तो जोड बदलणे म्हणजे कायद्याने दुसरे पिस्तूल घेणेच. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग घातले आहेत, त्यामुळे नुसती नळीही शस्त्रच ठरते.

नॉर्थचे कंत्राट वीस हजार नगांवर संपले. आजच्या कंपनीने विकलेले पिस्तूल नेमबाजाच्या हाती चाळीस-पन्नास वर्षे राहते, पण तितकी वर्षे तेच माप सांभाळण्याची अट कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. जी कंपनी ते न सांगता सांभाळते, तिच्याच जुन्या पिस्तुलाला नवी नळी बसते.