काप्री व्हाया तेर

लग्नसराई सुरू झाली की ऑफिसात एक प्रश्न हमखास विचारला जातो - "मग, कुठे जाणार?" आमच्या आई-वडिलांच्या पिढीत याचं उत्तर तुळजापूर नाहीतर जेजुरी असं असायचं. (तेही सगळं कुटुंब बरोबर घेऊन!) मग महाबळेश्वर आलं, गोवा आला, मनाली-केरळ झालं, थायलंड झालं. आता गाडी थेट भूमध्य समुद्रात पोचलीये. सँटोरिनी, माल्टा, काप्री... निळंशार पाणी, पांढरी घरं, कड्याच्या टोकावर दोन खुर्च्या आणि समोर मावळता सूर्य. फोटो बघून कुणालाही वाटावं की इथे माणसं फक्त प्रेम करायलाच येत असतील.

तुम्ही म्हणाल, निलंग्याच्या माणसाला काप्रीबद्दल काय कळणार? आमच्याकडे पाणी म्हणजे तेरणा आणि मांजरा, आणि त्याही बारा महिने वाहतील याची गॅरंटी नाही. पण गंमत अशी की काप्रीचा आणि तेरणेचा संबंध चांगला दोन हजार वर्षांचा आहे. आज त्याबद्दलच.

काप्री हे इटलीतल्या नेपल्सच्या आखातातलं जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं बेट. त्याला फॅशनेबल केलं ते रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने. त्याला हे बेट इतकं आवडलं की नेपल्स शहराला त्याने इस्किया हे कितीतरी मोठं बेट देऊन टाकलं आणि बदल्यात काप्री घेतलं. इ.स. १४ च्या उन्हाळ्यात, मरणाच्या थोडेच दिवस आधी, तो इथे चार दिवस मजेत राहिला. त्या सुट्टीचं वर्णन सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने केलंय आणि ते वाचताना आपण आजच्याच एखाद्या बड्या असामीची ट्रिप वाचतोय असं वाटतं.

तर झालं असं, की ऑगस्टसची नाव आखातातून जाताना इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून नुकतंच आलेलं एक जहाज दिसलं. जहाजावरच्या लोकांनी पांढरे कपडे घालून, धूप जाळून सम्राटाचा जयजयकार केला. तुमच्यामुळे आमचा व्यापार चालतो, तुमच्यामुळे आम्ही जगतो वगैरे. स्वारी खूश! त्याने बरोबरच्या प्रत्येक माणसाला चाळीस सोन्याची नाणी दिली आणि वर शपथ घ्यायला लावली की हे पैसे फक्त अलेक्झांड्रियाच्या मालावरच खर्च करायचे. चाळीस सोन्याची नाणी म्हणजे साध्या रोमन सैनिकाचा चार वर्षांहून जास्त पगार. शॉपिंग अलाउन्स असावा तर असा!

आता खरा प्रश्न. अलेक्झांड्रियाचा माल म्हणजे काय? कागद, काच हे तिथलंच. पण मिरी, मोती, मलमल, हस्तिदंत, रंगीत खडे हे तिथलं नव्हेच. अलेक्झांड्रिया हे मोठं गोदाम होतं, माल यायचा भारतातून. आणि इथे आपलं तेर एंट्री घेतं.

तेर म्हणजे आपल्यासाठी गोरोबाकाकांचं तेर. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठावरचं गाव. हीच तेरणा पुढे वाहत येऊन निलंगा तालुक्यात मांजरेला मिळते. निलंग्याच्या माणसाला जुनं काय विचारलं तर तो निळकंठेश्वराचं हेमाडपंती देऊळ दाखवतो. तेरची भरभराट त्याच्याही हजारएक वर्षं आधीची, सातवाहनांच्या काळातली. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यावर एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं एक प्रॅक्टिकल हँडबुक लिहिलं. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कधी निघायचं, सगळं त्यात आहे. त्यात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' असं दिलंय. तगरहून गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून, साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचला येते म्हणे. हे तगर नक्की कुठलं यावर इंग्रज अभ्यासकांनी बराच काथ्याकूट केला. दौलताबादपासून जुन्नरपर्यंत अंदाज बांधून झाले. शेवटी १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानाने दाखवून दिलं की तगर म्हणजे तेर.

मालाचा प्रवास बघा. तेर ते भडोच बैलगाडीने महिनाभर. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र पार. तांबड्या समुद्रातल्या बेरेनिके बंदरात उतरवून उंटांवरून बारा दिवस वाळवंट. मग नाईल नदीतून अलेक्झांड्रिया. तिथे एकूण मालाच्या चौथा हिस्सा कर. (चौथाई ही काही फक्त मराठ्यांची आयडिया नव्हे!) आणि तिथून भूमध्य समुद्र ओलांडून नेपल्सच्या आखातातलं पुतेओली बंदर. सेनेका लिहितो की अलेक्झांड्रियाची जहाजं काप्री ओलांडून आत येताना वरचं शीड उभारूनच येत, त्यावरून किनाऱ्यावरच्या गर्दीला ती लांबूनच ओळखू येत. म्हणजे आपल्याकडच्या मलमलीला इटलीचं पहिलं दर्शन होत असेल ते काप्रीच्या कड्यांचं!

ऑगस्टसनंतर आला टायबेरियस. इ.स. २६ मध्ये त्याने रोम सोडलं, काप्रीला बस्तान हलवलं आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची अकरा वर्षं, रोममध्ये परत पाऊल टाकलं नाही. जगातलं पहिलं वर्क फ्रॉम होम म्हणायला हरकत नाही. बेटावर त्याचे बारा वाडे होते असं टॅसिटस हा इतिहासकार सांगतो. त्यातल्या सगळ्यात मोठ्याचे, व्हिला जोविसचे, अवशेष समुद्रापासून सुमारे ३३० मीटर उंचीवर आजही आहेत. सुएटोनियसने तिथल्या चाळ्यांच्या चटकदार कहाण्या लिहून ठेवल्यात, पण आजचे इतिहासकार त्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत.

मला मात्र त्या वाड्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हौद. काप्रीवर नदी नाही. म्हणून वाड्याच्या मधोमध पावसाचं पाणी साठवायला प्रचंड हौद बांधलेत आणि खोल्या त्यांच्या भोवती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना या डिझाइनचं मोल वेगळं सांगायला नको. एवढा रोमँटिक देखावा, आणि त्याच्या पोटात पाण्याची साठवण!

आणि प्रेमाचं काय? ते या बेटाच्या गोष्टीत फार दुःखी आहे. टायबेरियसचं आपल्या पहिल्या बायकोवर, विप्सानियावर, मनापासून प्रेम होतं. ऑगस्टसने राजकारणासाठी त्याला घटस्फोट घ्यायला लावला आणि स्वतःच्या मुलीशी, ज्युलियाशी, त्याचं लग्न लावलं. पुढे एकदा विप्सानिया समोरून जाताना दिसली तर हा तिच्या मागोमाग भरल्या डोळ्यांनी बघत राहिला. ती पुन्हा त्याच्या नजरेस पडणार नाही याची मग काळजी घेण्यात आली. ज्युलियाशीही जमलं नाहीच. इ.स.पू. २ मध्ये तिच्या बापानेच तिला पांदातेरिया नावाच्या एका छोट्या बेटावर हद्दपार केलं, वाइनसुद्धा बंद. एकाच समुद्रातलं एक बेट तिच्यासाठी तुरुंग, दुसरं त्याच्यासाठी लपायची जागा. आज तिथे जोडपी सेल्फी काढतात!

काप्रीला जायच्या आधी, इ.स. २२ मध्ये, टायबेरियसने सिनेटला एक पत्र लिहिलं होतं. त्यात एक तक्रार आहे - बायकांच्या जडजवाहिरापायी आपला पैसा परक्यांच्या, शत्रूंच्या देशात चाललाय. पुढे प्लिनीने आकडाच दिला. एकटा भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि तिथला माल इथे शंभर पट किमतीला विकला जातो. गंमत म्हणजे भारतात जी रोमन चांदीची नाणी सापडतात त्यात सर्वाधिक भरणा ऑगस्टस आणि या तक्रारखोर टायबेरियसच्याच नाण्यांचा. रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं तर खुद्द तेरलाही सापडलीत. लोक ती गळ्यात घालत असावेत. म्हणजे तिकडचे इकडची मलमल नेसून मिरवत होते आणि इकडचे तिकडच्या राजाचा मुखडा लॉकेटात घालून. फॅशन ही अशी दोन्हीकडून चालते.

परतीच्या जहाजात काय असायचं? वाइन, काच, तांबं आणि पोवळं. लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. सिसिलीच्या जवळची एओलियन बेटं त्यासाठी प्रसिद्ध होती. प्लिनी म्हणतो, आपल्याला मोत्यांचं जेवढं कौतुक तेवढं भारतीयांना पोवळ्याचं. आजही मुलाला किंवा मुलीला मंगळ निघाला की पोवळ्याची अंगठी येतेच. लग्न जमावं म्हणून आपण मूळचा भूमध्य समुद्रातला जिन्नस बोटात घालतो आणि लग्न झालं की तोच समुद्र बघायला जातो!

हे सगळं वाचताना एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. शंभर पटीतला एक हिस्सा भारतात राहत होता असं धरलं, तरी त्यातून गाडीवान, भडोचचा दलाल आणि राजाचा कर वजा जाता तेरच्या विणकराच्या हातात किती पडत असेल? आपण आयटीवाले याला ऑफशोअरिंग म्हणतो. क्लायंटने किती बिल भरलं आणि आपल्या पेस्लिपमध्ये किती आलं, हा हिशोब आपल्याला चांगला ठाऊक आहे. ऑगस्टसच्या चार दिवसांच्या सुट्टीची नोंद इतिहासात आहे. तेरच्या एकाही विणकराचं नाव नाही. कापड कुजून जातं, त्यामुळे त्याच्या कामाचा तुकडाही उरला नाही.

हस्तिदंत मात्र उरलं. १९३८ मध्ये पाँपेईच्या उत्खननात एका घरात सुमारे पंचवीस सेंटिमीटरची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली. अंगभर दागिने, वेणी, दोन बाजूंना दोन दासी. तिच्याशी बरंच साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला सापडलीय, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही. म्हणून काही अभ्यासक ती दख्खनची मानतात, तर काही मथुरा-गांधाराकडे बोट दाखवतात. वाद चालू आहे. पण त्या वादात मराठवाड्यातल्या दोन गावांची नावं घ्यावी लागतात, हेच किती भारी आहे! "मागास मराठवाडा" हे दोन शब्द आपल्या इतके अंगवळणी पडलेत की आपणही ते सहज बोलून जातो.

असो. काप्रीला जरूर जा. बोट नेपल्सहून सुटते. त्याआधी तिथल्या पुराणवस्तू संग्रहालयात जा, ती मूर्ती तिथे आहे. (रोमन शृंगारिक वस्तूंच्या "गुप्त" दालनात ठेवलीय, तेव्हा सासू-सासरे बरोबर असतील तर सांभाळून.) आणि व्हिसा लागेपर्यंत एक वीकेंड काढून तेरला जाऊन या. निलंग्याहून औसा, लातूर, मुरूड, ढोकी, तेर. गोरोबाकाकांचं दर्शन घ्या, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघा आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात फिरून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय बघा. मग नेपल्सला त्या मूर्तीसमोर उभे राहाल तेव्हा गाइडची गरज पडणार नाही. उलट त्यालाच दोन गोष्टी सांगता येतील.