सुताची चाती आणि राष्ट्रांची संपत्ति

कांहीं राष्ट्रें धनाढ्य व कांहीं दरिद्री, ही स्थिति जणूं सृष्टिक्रमांतच लिहिलेली आहे, अशी समजूत सुशिक्षित मंडळींतहि रूढ आहे. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. इ. स. १७५० च्या सुमारास इंग्लंडांतील व हिंदुस्थानांतील सामान्य माणसाच्या राहणींत अंतर होतेंच. परंतु पुढें जें अंतर पडलें त्याच्या मानानें तें क्षुल्लक म्हणावें लागतें. पॉल बेरोक या अर्थेतिहासकाराच्या अंदाजाप्रमाणें त्या वेळीं जगांतील एकंदर कारागिरी मालापैकीं सुमारें पाव हिस्सा हिंदुस्थानांत तयार होत असे. इंग्लंडचा वांटा शेंकडा २ देखील नव्हता. १९०० सालीं हिंदुस्थानचा वांटा शेंकडा २ च्या आंत आला व इंग्लंडचा १८ च्या वर गेला. वांटा घटला म्हणजे माल तितक्या पटीनें घटला असें नव्हे. जगाचें उत्पादनच अफाट वाढलें, आणि ती वाढ दुसऱ्यांच्या पदरांत पडली.

ही उलथापालथ कशी झाली, तें सुताच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. १०० पौंड कापसाचें सूत चरख्यावर काढण्यास ५०,००० तासांहून अधिक श्रम लागत, असा हिशेब अभ्यासकांनीं मांडला आहे. १७७९ सालीं सॅम्युएल क्रॉम्प्टन यानें ‘म्यूल’ नांवाचें यंत्र सिद्ध केलें. १७९५ च्या सुमारास शक्तीवर चालणाऱ्या म्यूलवर तेंच काम ३०० तासांत होऊं लागलें. मग हें यंत्र इंग्लंडांतच कां निघालें? तेथील लोक अधिक बुद्धिमान होते, हें उत्तर सोपें खरें, पण पोकळ. तेथें मजुरी महाग होती व दगडी कोळसा स्वस्त होता. माणसाचे तास वांचविणाऱ्या यंत्रावर पैसा घालणें तेथेंच परवडत होतें. बंगालच्या कातणारणीची मजुरी इतकी थोडी होती कीं, ती वांचवून यंत्राची किंमत भरून निघाली नसती. शिवाय १७०० व १७२१ च्या कायद्यांनीं हिंदी छिटांना इंग्लंडांत मज्जाव झाला होता, व त्या आडोशाला तेथील धंदा वाढला. खुल्या व्यापाराचा उपदेश पुढील पिढ्यांस सुचला! आणि पुढें त्या गिरण्यांना जो कापूस लागला, तो बहुतांशीं अमेरिकेंतील गुलामांनीं वेंचलेला होता.

हातीं आलेली विद्या इंग्लंडनें सहजासहजीं बाहेर जाऊं दिली नाहीं. यंत्रें परदेशीं नेण्यास बंदी होती. कुशल कारागिरांसहि देश सोडण्याची मनाई होती. तरी १७८९ सालीं डर्बीशायरच्या गिरणींत उमेदवारी केलेला सॅम्युएल स्लेटर हा तरुण आपला धंदा लपवून अमेरिकेस निघून गेला. केवळ स्मरणशक्तीच्या बळावर त्यानें ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथें १७९० सालीं यंत्रानें सूत काढून दाखविलें. कारागिरांवरील मनाई १८२४ सालीं व यंत्रांवरील बंदी १८४३ सालीं उठली. मुंबईंत कावसजी दावर यांची कापसाची गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली व १८५६ सालीं सुरू झाली. मधल्या काळांत लँकेशायरचें सूत व कापड येथील बाजारांत कधींच येऊन बसलें होतें.

मुंबईचे गिरणीवाले हिकमती होते. संरक्षण नसतांहि त्यांनीं चीनपर्यंत आपलें सूत पोंचविलें. इंग्लंडचे अर्थशास्त्रीय सिद्धांत जसेच्या तसे प्रत्येक देशाला लागू पडत नाहींत, हें न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत आग्रहानें मांडलें. परंतु सर्व दोष जकातीवर ढकलूनहि भागत नाहीं. तहांनीं बांधलेल्या जपानलाहि शेंकडा ५ च्या आसपासच जकात घेतां येत असे. त्याला जकातीचें पूर्ण स्वातंत्र्य १९११ सालीं मिळालें. असें असूनहि १८८३ सालीं ओसाकाची मोठी वाफेची गिरणी चालू झाली, आणि १८९७ सालीं जपानची सुताची निर्यात आयातीहून अधिक भरली. त्यांपैकीं बराच कापूस हिंदुस्थानांतूनच जात होता. त्याच्या वाहतुकीसाठीं जमशेटजी टाटा यांच्या सहकार्यानें १८९३ सालीं मुंबई-कोबे आगबोटींचा मार्गहि सुरू झाला.

फरक होता तो राज्य कोणासाठीं चालतें याचा. जपानी सरकारनें १८७२ सालींच सक्तीच्या शिक्षणाचा पाया घातला. १८९४ सालीं सुतावरील निर्यात-जकात काढून टाकली व १८९६ सालीं कच्च्या कापसावरील आयात-जकातहि उठविली. त्याच १८९६ सालीं हिंदुस्थान सरकारनें विलायती कापडावर शेंकडा साडेतीन जकात ठेवली, आणि लँकेशायरची तक्रार राहूं नये म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरहि शेंकडा साडेतीनच कर बसविला. तो १९२६ सालीं रद्द झाला. चीनच्या बाजारांतील मुंबईच्या सुताचें स्थान तत्पूर्वींच जपानी सुतानें घेतलें होतें.