उभ्या मोटारीचा आकांत

साकीनाक्यासारख्या गजबजलेल्या वस्तींत राहणाऱ्या गृहस्थाला रात्रीं दोनच्या सुमारास जाग येते, ती पुष्कळदां एखाद्या उभ्या मोटारीच्या भोंग्यानें. गाडीपाशीं चोर नसतो. फार तर बॉनेटवर उडी मारून गेलेलें एखादें मांजर असतें. भोंगा मात्र चोर आल्याचाच आकांत मांडतो. दोनचार खिडक्या उघडतात, "कुणाची हो गाडी?" असा प्रश्न अंधारांत विचारला जातो आणि खिडक्या पुन्हां मिटतात. खालीं कोणीच उतरत नाहीं. ज्या हाकेनें माणसें धांवून यावयाचीं, तिनें तीं नुसतीं चिडतात, ही अवस्था कशी आली याचा इतिहास थोडक्यांत पाहूं.

विजेच्या चोरघंटेचें पेटंट अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ऑगस्टस पोप यानें १८५३ सालीं घेतलें. त्याची युक्ति साधी होती. दार किंवा खिडकी उघडली कीं दोन धातूंचे तुकडे एकमेकांस भिडत, बॅटरीचें मंडल पुरें होई आणि विद्युच्चुंबकाच्या जोरावर हातोडी घंटेवर आपटे. पुढें १८५७ सालीं एडविन होम्स यानें हे हक्क विकत घेऊन त्याचा मोठा व्यवसाय उभारला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ती घंटा घरांतील माणसासाठीं होती. ती खोटी वाजली तर सर्वांआधीं मालकाचीच झोंप मोडे, आणि म्हणून दुसऱ्या दिवशीं ती दुरुस्तही होई.

मोटारींत ही घंटा येण्यास बराच काळ लागला. कार्ल बेंझ याच्या १८८६ च्या गाडींत वीज होती ती ठिणगीपुरती. पुढेंही कित्येक वर्षें इंजिन हातानें दांडा फिरवून सुरू करावें लागे आणि दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत. चार्लस केटरिंग याचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत आला आणि सामर्थ्यवान बॅटरी हा मोटारीचा नित्याचा अवयव होऊं लागला. रात्रभर जागा राहणारा पहारेकरी गाडींत बसविणें त्यामुळेंच शक्य झालें.

आपल्याकडील हकीकत साकीनाक्याहून फार दूर नाहीं. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दुसऱ्या टोकास कुर्ला आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तेथेंच उभा राहिला. १९६४ पासून तेथें फियाट ११०० डिलाइट तयार होऊं लागली. तीच पुढें पद्मिनी म्हणून घरोघर ओळखली गेली. तिचें रक्षण कुलूप, किल्ली आणि शेजारी यांच्यावर सोंपविलेलें असे. तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं निवृत्त झाली. १९९१ नंतर नवनव्या गाड्या आल्या, त्यांच्या मागोमाग दुकानांत बसवून घ्यावयाचे भोंगे आले, आणि कारखान्याच्या वायरींत परक्या वायरी जोडल्या जाऊं लागल्या. खोट्या आरोळीचें एक मोठें मूळ या जोडांतच आहे.

हा पहारेकरी पाहतो तरी काय? दारें, डिकी व बॉनेट यांचे स्विच, गाडीला बसणारा धक्का आणि कांहीं यंत्रांत बॅटरीचा दाबही. यांपैकीं एकाची साक्ष खोटी ठरली कीं भोंगा सुटतो. म्हणून शोध क्रमानें करावा. प्रथम बॅटरी पाहावी: गाडी कांहीं तास बंद ठेवल्यावर भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. आंकडा १२ च्या जवळ आला असेल तर तिचा जोर संपत आला आहे. दाब उतरला कीं यंत्राला चोरीचा भास होतो. मग बॉनेटचा स्विच पाहावा. तो उघड्यावर असल्यानें पावसाळ्यांत तेथें पाणी व गंज सांचतो, आणि झांकण बंद असूनही तें उघडें असल्याचा निरोप जातो. तो पुसून, घासून कोरडा करावा. तिसरा धक्क्याचा सेन्सर. साकीनाक्यास मालमोटारींची धडधड आहे, विमानतळही जवळ आहे आणि दिवाळींत फटाके आहेत. एवढ्यानेंच जो किंचाळतो, त्याची संवेदनक्षमता मिस्त्रीकडून कमी करून घ्यावी. रिमोटमधील सेलही बदलून पाहावा. एक सावधगिरी मात्र बाळगावी: कांहीं भोंग्यांना स्वतःची बॅटरी असते, आणि गाडीची बॅटरी काढतांच ते अधिकच ओरडूं लागतात. अशांचा भोंगा प्रथम त्याच्या किल्लीनें बंद करावा लागतो.

भोंगा कांहीं दिवस बंद ठेवला तर गाडी निराधार होईल काय? अलीकडील बहुतेक गाड्यांच्या किल्लींत एक चिप असते. तिची ओळख पटल्यावांचून इंजिन सुरू होत नाहीं. हें काम ती मुक्यानें करते. भोंगा फक्त बोलावतो, आणि बोलावण्याचें मोल ऐकणाऱ्याच्या विश्वासावर असतें.

पोपच्या घंटेचा ऐकणारा ठरलेला होता. आपला भोंगा साऱ्या गल्लीला हांक मारतो, म्हणून उत्तर देण्याचें दायित्व कोणाकडेच राहत नाहीं. मालक सहाव्या मजल्यावर पंख्याच्या आवाजांत निजलेला असतो. जागतो तो समोरचा आजारी म्हातारा, परीक्षेला बसलेली मुलगी, पाळी संपवून आलेला कामगार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण नियमाहूनही जुनी शिकवण आपल्या लहानपणच्या गोष्टींत आहे. "लांडगा आला रे" म्हणून उगाच ओरडणाऱ्या मुलाची मेंढरें शेवटीं लांडग्यानेंच नेलीं. दोष गांवकऱ्यांचा नव्हता. तेव्हां आपल्या गाडीचा भोंगा विनाकारण वाजला, तर सकाळीं प्रथम शेजाऱ्यांची क्षमा मागावी आणि त्याच दिवशीं बॉनेट उघडावें. खरा चोर येईल त्या रात्रीं हेच शेजारी खिडकी उघडणार आहेत.