दोन पोती ज्वारी

दिवेलागणीला आमच्या घरी उपासना व्हायची. आजी कंदिलाची काच राखेनं पुसायची, शास्त्र मांडीवर घ्यायची आणि आम्हा पोरांना हाक मारायची. तिला वाचता येत होतं, ते मिशनच्या शाळेमुळं. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. पुढं १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातली महारवाड्या-मांगवाड्यांतली कितीतरी घरं ख्रिस्ती झाली, आमचं त्यातलंच. धर्म बदलला, दुष्काळ काही बदलला नाही.

रोज एक अध्याय. वाचून झालं की आजी प्रत्येकाला विचारायची, "तुला काय घावलं?" तिच्या मते मनन म्हंजे शेळीचं रवंथ. दिवसा खाल्लेलं रात्री निवांत चघळायचं. मग टाळ घेऊन ना. वा. टिळकांचं एखादं भजन. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, त्यांच्यामुळं आमच्या देवळांत अभंग-भजनं रुजली. नाहीतर आमची आजी विलायती चालींत कुठली रमायला!

शेवटी प्रभूची प्रार्थना. आमच्या प्रार्थनेत माफीच्या जागी शब्द आहे 'ऋण'. आम्ही जशी दुसऱ्यांची ऋणं सोडली तशी देवानं आमची सोडावी, असं मागणं. आमच्या भागात हा शब्द हलका नव्हे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. ऋण म्हंजे काय ते आजीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९७२ च्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या दिरानं आमच्याकडून दोन पोती ज्वारी नेली, सुगीला देतो म्हणून. पाऊस आलाच नाही. वर कळलं, त्यानं ती खायला नव्हे, विकायला नेली होती. आम्ही मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, आई खडी फोडायला गेली. आजीनं कणगीमागच्या भिंतीवर कोळशानं दोन रेघा ओढल्या.

तेव्हापासून प्रार्थनेत त्या वाक्याला ती गप्प व्हायची. आम्ही पोरं म्हणायचो, तिचे ओठ मिटलेले. पुढच्या वाक्याला पुन्हा सुरू. मला वाटायचं, दम लागला असंल. आई मात्र खाली बघायची.

हिवाळ्यात वाचन फिलिप्पैकरांच्या पत्रापर्यंत आलं. पौल तुरुंगातून लिहितो आणि तिथून लोकांना आनंद करायला सांगतो. आजीनं पुस्तक मिटलं. "बेड्या पायात अन् आनंद करा म्हणतोय," एवढंच बोलली. त्या रात्री कुणालाच 'काय घावलं' विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात दीर आला. भिजलेला, हातात काही नाही. आजीनं ताट वाढलं, पण बोलली नाही. उपासनेला तो दाराशीच बसला. प्रार्थना त्या वाक्यापाशी आली आणि आजी थांबली. आम्हीही थांबलो. बाहेर पागोळ्या गळत होत्या. बऱ्याच वेळानं तोच खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, म्हणा की पुढं."

आजीनं म्हटलं. आवाज फाटला, पण सगळं वाक्य म्हटलं.

पोती काही परत आली नाहीत. आईनं एकदा विषय काढला तर आजी म्हणाली, "कशाची पोती?" नाताळाच्या आधी घर सारवलं, चुना काढला. कणगी सरकवून त्या भिंतीला तिनं स्वतः दोन हात दिले. कोळसाच तो, चुन्यातनं थोडा दिसत राहिला.