आठवणी संपतात तिथून पुढच्या रमाबाई

रमाबाई रानडे म्हटलं की माझ्या पिढीला आधी आठवते ‘उंच माझा झोका’. २०१२ साली ही मालिका सुरू झाली आणि अक्षरं गिरवणारी छोटी रमा घराघरांत पोहोचली. गोष्ट होती मुख्यतः रमा आणि माधवरावांच्या संसाराची. खुद्द रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचं पुस्तकही न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी, म्हणजे १९०१मध्ये थांबतं. रमाबाई मात्र त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. मला ओढ आहे ती या तेवीस वर्षांची.

पण त्याआधी नारायण पेठेत जावं लागेल.

लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला गेलात की हुजूरपागा लागते. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची ही जागा. १८८४ साली रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर या मंडळींनी मुलींचं हायस्कूल काढलं, ते पुढे इथे आलं. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, त्याला तेव्हा ३६ वर्षं झाली होती. तरीही मुलींनी हायस्कुलात जाऊन इंग्रजी शिकावं, हे पुण्याला पचत नव्हतं. टिळकांनी ‘मराठा’तून या शिक्षणाला कडाडून विरोध केला.

शाळेची मागणी गव्हर्नरसमोर मांडण्यासाठी सभा भरली, तेव्हा इंग्रजी निवेदन वाचून दाखवलं ते विशीतल्या रमाबाईंनी. सभेत कौतुक झालं. घरी मात्र थोरल्या बायकांनी टोमणे मारून हैराण केलं. त्यांना उलट उत्तर द्यायचं नाही आणि शिकणंही सोडायचं नाही, अशी कसरत रमाबाईंनी वर्षानुवर्षं केली.

हे शिक्षण त्यांना मिळालं ते नवऱ्यामुळे. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि रानडे तिशी ओलांडलेले विधुर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून एका लहान मुलीशी लग्न केलं, याबद्दल त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली. नंतर त्यांनी तिला शिकवलं, सभांमध्ये नेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मूलबाळ नाही. तेव्हाच्या रीतीप्रमाणे विधवेचं आयुष्य इथे संपायचं: कोपऱ्यातली खोली, जपमाळ, दुसऱ्यांच्या मुलांची उस्तवार. काही काळ त्यांनीही स्वतःला मिटून घेतलं. मग त्या बाहेर पडल्या.

१९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. देवधर भारत सेवक समाजाचे. सुरुवातीचे वर्ग रमाबाईंच्याच वाड्यात भरत. शिकायला येणाऱ्यांत पुष्कळशा तरुण विधवा होत्या. लिहिणं-वाचणं, शिवण ही सुरुवात. पुढे शिक्षिका, नर्स, सुईण होण्याचं प्रशिक्षण.

यातलं नर्सिंग आज आपल्याला साधं वाटतं. तेव्हा ते भयंकर होतं. कोणत्याही जातीच्या रुग्णाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, परक्या पुरुषांच्या वॉर्डात वावरायचं, रात्रपाळी करायची. ज्या बाईची सावलीही शुभकार्यात नको, ती ससूनमध्ये लोकांचे प्राण वाचवायला उभी राहणार होती आणि त्याचा पगार घेणार होती. माझ्या मते खरा धक्का पगाराचा होता. जिच्या हातात स्वतःचे पैसे आले, तिला कोपऱ्यातल्या खोलीत परत पाठवणं अवघड असतं.

करिअर बदलणं म्हटलं की आज आपण लिंक्डइनवरची पोस्ट डोळ्यांसमोर आणतो. या बायकांना आधीचं करिअरच नव्हतं. त्यांना आयुष्य बदलायचं होतं. रमाबाईंकडे निदान वाडा होता, नाव होतं, ओळखी होत्या. तिथे येऊन शिकलेल्या बहुतेकींची नावंही आपल्याला माहीत नाहीत. आणि कष्टकरी जातींतल्या बायका तर केव्हाच्या शेतात, बाजारात राबत होत्या. ‘घराबाहेर पडावं का’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. सेवासदनची गोष्ट सांगताना हेही सांगायला हवं.

रमाबाई मात्र संस्थेच्या भिंतींपुरत्या उरल्या नाहीत. तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना त्या भेटत, इस्पितळांत जात, बायकांना मताधिकार मिळावा म्हणून झटत. १९२०च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसे अपुरे, म्हणून सक्ती आधी मुलग्यांना, असं टिळकांच्या बाजूचं म्हणणं. रमाबाई आणि त्यांच्या सहकारी रस्त्यावर उतरल्या, बायकांचा मोर्चा निघाला: सक्ती मुलींनाही हवी.

तोवर टिळक नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यात राहत होते, ज्याला आपण केसरीवाडा म्हणतो. हुजूरपागेपासून तो चालत काही मिनिटांवर. १८८४मध्ये हायस्कुलावरून झालेला वाद ३६ वर्षांनी प्राथमिक शाळेवरून पुन्हा पेटला होता. फरक एवढाच, की पहिल्या वेळी रमाबाईंनी इतरांच्या योजनेतलं निवेदन वाचलं होतं. या वेळी मागणी त्यांची होती आणि मागे चालणाऱ्या बायकाही त्यांनी जमवलेल्या.

१९२४ साली रमाबाई गेल्या. शेवटच्या तेवीस वर्षांवर त्यांनी ‘आठवणी’सारखं दुसरं पुस्तक लिहिलं नाही. नवऱ्याचं आयुष्य नोंदवून ठेवणं त्यांना कर्तव्य वाटलं. स्वतःचं काम त्यांनी नोंदीशिवाय सोडून दिलं. आपण त्यांना ‘न्यायमूर्तींची पत्नी’ म्हणून ओळखत राहिलो, त्याचं एक कारण हेही असावं. पण सेवासदन आजही लक्ष्मी रस्त्यावर आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली प्रत्येक मुलगी त्या न लिहिलेल्या पुस्तकाचं एक पान आहे.